दळणाची वेळ

शिंदखेड्याच्या पुढे, बुराईच्या उतारावर
शिखर नसलेलं एक देऊळ आहे.
मी तिथे दगडांना नंबर घालायला गेलो होतो.
चुन्याची बादली, ब्रश, वही,
आणि खात्याचं पत्र. त्यात लिहिलेलं:
मूर्ती नाही. दैवत अनिश्चित.

चैत्र सरत आला होता.
दहा वाजताच दगडाला हात लावायचा
तर आधी पाणी मारावं लागे.
गाभाऱ्यात मात्र वटवाघळांचा ओला काळोख,
आणि रिकाम्या पीठावर
रोज एक ताजं कण्हेरीचं फूल.
वाहणारीला दैवत ठाऊक असावं.
मी पत्रात दुरुस्ती केली नाही.

गोष्ट पहिल्याच दिवशी मिळाली,
चौकीदार सुपडूकडून, चहासोबत.
राकसानं पण केला: एका रात्रीत देऊळ.
कोंबडा आरवायच्या आत कळस चढला
तर देवी येऊन बसेल, नाहीतर नाही.
हजार गडी घेऊन आला तो.
सातपुड्यातून दगड निघाले, हातोहात, तापी ओलांडून,
आणि वरचे चार थर तेवढे उरले असताना
गावातली एक बाई उठून जात्यावर बसली.
घरघर ऐकून कोंबड्याला वाटलं, उजाडलं.
आरवला.
जो दगड ज्याच्या हातात होता तो तिथेच सुटला.
"येक रात कमी पडनी, भाऊ," सुपडू म्हणाला,
"येक बाईमुये."

ती बाई दाराशीच आहे.
डोकं नाही. उजवा हात गुडघ्यावरून पुढे,
काहीतरी फिरवता फिरवता थांबलेला.
जत्रेला आलेला माणूस नारळ फोडतो
आणि परतताना तिला एक खडा मारतो.
पायाशी ढीग झालाय खड्यांचा, कमरेपर्यंत.
गावात पिठाची गिरणी आहे,
तीसुद्धा उन्हं अंगणात आल्याशिवाय सुरू होत नाही.
मी बाईला नंबर दिला: द-४१.
खडे मोजणीत धरले नाहीत.

सातव्या दिवशी उत्तरेची भिंत.
पायापासून तिसरा थर, दोनशे बारानंतरचा दगड
चौकोनी नव्हता.
पाणी मारलं तसा गोल उमटला,
मधोमध खुंट्याची खोबण, टाकीचे घाव
झिजून झिजून बोटाला जेमतेम लागणारे.
जात्याची तळी.
इतकी दळून संपलेली, की घरात निरुपयोगी,
म्हणून कुणीतरी भिंतीत बसवून टाकलेली.

तिसऱ्या थरात.
म्हणजे कळस अजून डोंगरातच होता तेव्हा.

दुपारी झेलाबाई भाकर घेऊन आली,
कळण्याची, वर मिरचीचा ठेचा.
कण्हेर तिच्याच परसातली, हे तोवर कळलं होतं.
तिला तळी दाखवली.
ती बघत राहिली, मग पदरानं धूळ पुसली तिच्यावरची,
भांडं पुसावं तशी.
"हजार गडी व्हतात ना रातभर?
मंग त्या काय दगड खात व्हतात?
भाकर कोन करे?"
आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता,
"ती उठनीच नही, भाऊ.
ती झोपनीच नही."

मी भाकर खाल्ली. दोन खाल्ल्या.
संध्याकाळी सुपडूला हे सांगितलं,
तर तो म्हणाला, गोष्ट ती गोष्ट, साहेब,
आणि कंदिलाची काच पुसत बसला.

धुळ्याच्या कचेरीत वही तपासली गेली.
दोनशे बारा आहे, दोनशे चौदा आहे,
मधला कुठे?
मोजणीत चूक, म्हणालो. लाल शेरा मिळाला.

खरं तर ब्रश टेकवला होता मी तिथे.
आकडा घालण्याआधीच
चुन्याचा एक थेंब तळीच्या खाचेत ओघळला.
पुसायला गेलो, तर पुसला जाईना;
फिरवीन तसा गोल पसरत गेला,
पांढरा, मऊ,
आणि बोटं मी तशीच, न धुता,
भाकरीला लावली.